सांध्याशेजारची पांढरी रेघ

मुंबई–आग्रा रस्ता आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ता धुळ्यात एकमेकांना कापतात. सरकारने महामार्गांचे नंबर कधीच बदलले, पण इथल्या गॅरेजांत ते अजून ‘तीन नंबर’ आणि ‘सहा नंबर’च आहेत. इंदूरकडून बिजासनचा घाट उतरून आलेला ट्रक आणि सुरतेकडून कोंडाईबारी चढून आलेला ट्रक, दोघांच्या अंगात तोवर जे काही दुखणं साठलेलं असतं ते इथे बाहेर पडतं. कुणाचा रेडिएटर गळतो, कुणाच्या बॉडीचा अँगल निखळतो, कुणाच्या इंजिनाखालच्या चेंबरवर दगड बसून बोटभर तडा गेलेला असतो. अँगल लोखंडाचा, त्याला रस्त्यावरचा कुठलाही वेल्डर टाका मारून देतो. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा निघाला की मात्र तो खांद्यावर टाकून क्लीनर दुकानं हिंडायला लागतो.

दुकानं कमी नाहीत. ‘सर्व प्रकारचे आर्गन वेल्डिंग करून मिळेल’ ही पाटी धुळ्यात पारोळा रोडला दिसते, जळगावात अजिंठा चौफुलीपासून एमआयडीसीकडे जाताना दिसते. त्यातलं ‘सर्व’ तेवढं जपून घ्यावं लागतं. मिस्तरी चेंबर पालथा करतो, तडा निरखतो आणि म्हणतो, “भाऊ, आपली मशीन डीसी आहे. स्टीलचं काही असेल तर आणा. याला एसी-डीसी लागते. पुढे विचारा.” आर्गनचं सिलिंडर तेच, टॉर्च तीच, काळ्या काचेचा मुखवटाही तोच. फरक काय तो त्या खोक्यातून बाहेर पडणाऱ्या विजेच्या चालीत. एवढ्याशा फरकाने एक धातू मुकाट जोडला जातो आणि दुसरा हटून बसतो, याचं मला फार दिवस नवल वाटायचं. वेल्डिंग म्हणजे उष्णता, असं आपण धरून चालतो. वीज कुठल्या बाजूने आली याच्याशी वितळण्याचा काय संबंध?

मी वेल्डर नाही. पण अशा दुकानांसमोर उगाच रेंगाळायची सवय आहे, आणि खानदेशात रेंगाळणाऱ्याला कुणी हाकलत नाही. फार तर स्टूल पुढे सरकवतात.

अ‍ॅल्युमिनियमला वितळायला फारसं काही लागत नाही. ६६० अंश सेल्सिअस पुरे. लोखंडाला दीड हजाराच्या आसपास जावं लागतं. आपण रोज ज्याला जर्मलचं पातेलं म्हणतो ते रिकामं चुलीवर विसरलं तर बुडाला भोक पडायला वेळ लागत नाही. मग अवघड काय आहे? अवघड आहे त्याची कातडी. उघड्या हवेत अ‍ॅल्युमिनियमवर त्याच्या ऑक्साइडचा एक पापुद्रा असतोच. केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ. खरवडून काढा, खाली चकाकता धातू दिसला न दिसला तोच हवेतला ऑक्सिजन घेऊन तो नवा पापुद्रा धरतो. हाच पापुद्रा त्याला गंजू देत नाही, म्हणून जर्मलची भांडी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. पण जोडायला गेलं की तो आडवा येतो, कारण तो वितळतो २०५० अंशांच्या पुढे. आतला धातू पातळ झालेला असतो आणि वरचा पापुद्रा शाबूत असतो. दोन तुकडे शेजारीशेजारी वितळून पडलेले आहेत, तरी एकमेकांत जात नाहीत, कारण दोघांच्या मध्ये दोन पापुद्रे उभे आहेत. पापुद्रा फाडला तर त्याचे तुकडे वितळलेल्या धातूहून जड. ते आत बुडतात आणि सांध्यात कायमचे अडकून बसतात.

या पापुद्र्याचं मूळ शोधत गेलं की आपण थेट महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला पोचतो. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या सड्यांवर बॉक्साइटची लाल-करडी माती आहे. ती बेळगावच्या कारखान्यात जाते आणि तिथून पांढरी भुकटी होऊन बाहेर पडते. ती भुकटी म्हणजे अ‍ॅल्युमिना, अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड. चेंबरवरचा पापुद्रा आणि ती भुकटी एकाच गोत्राची. तिच्यातून ऑक्सिजन वेगळा काढण्याची युक्ती १८८६ साली दोन तरुणांना सुचली, एकमेकांना न ओळखता: अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू. दोघेही १८६३ साली जन्मलेले, आणि योगायोग असा की दोघेही १९१४ सालीच गेले. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ती भुकटी विरघळवायची आणि तिच्यातून वीज सोडायची. व्होल्ट अगदी थोडे, चार-पाच. पण अँपिअर आजच्या मोठ्या कारखान्यांत लाखांच्या घरात. आणि वीज डीसीच हवी. एका बाजूला धातू साठत जायला हवा, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन निघून जायला हवा. वीज दर क्षणाला उलटली तर केलेलं काम तीच पुसून टाकील. एवढी खटपट करून ऑक्सिजनपासून तोडलेला धातू मोकळ्या हवेत येतो आणि पहिल्याच क्षणी पुन्हा ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. वेल्डरला ही सोयरीक दर टाक्याला नव्याने मोडावी लागते.

विजेच्या आधी ती रसायनाने मोडत, आणि अजूनही कुठे कुठे मोडतात. जळगावच्या जुन्या वस्तीत गॅस वेल्डिंगचं एक लहानसं दुकान होतं. दुधाचे चाळीस-चाळीस लिटरचे कॅन तिथे ओळीने पडलेले असत. कुणाचा काठ उसवलेला, कुणाचा कान तुटलेला. दूध संघाच्या संकलन केंद्रांवर थंड टाक्या आल्या आणि कॅनची ती ओळ हळूहळू आखूड होत गेली. तिथले म्हातारे मिस्तरी अमळनेरकडचे. एकदा मी विचारलं, लोखंडापेक्षा याला निम्म्याहून कमी आच लागते, मग तुम्ही याच्याच कामाला जास्त पैसे का घेता? ते निळ्या काचेचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “लोखंड लाल व्हईसन सांगस. हाई सांगतच नही.”

खरं आहे ते. लोखंड आधी तांबडं होतं, मग नारिंगी, मग पिवळं. हात आवरायची सूचना रंगातून मिळत जाते. अ‍ॅल्युमिनियम थंड असतानाही पांढरं आणि वितळायच्या क्षणालाही पांढरंच. पृष्ठभाग जरासा ओला दिसला असं वाटेपर्यंत अख्खा काठ खाली गळून पडतो. त्यातून हा धातू उष्णता धरून ठेवत नाही. साध्या पोलादाच्या चौपट वेगाने ती पुढे पळवतो. त्यामुळे सुरुवातीला कितीही आच द्या, वितळलेल्या धातूचं डबकं होत नाही. आणि एकदा कॅनचं सगळं अंग तापलं की मग आवरता आवरत नाही. काठ सरळ करायच्या आधी पत्रा मऊ करायचा असला की ते मिस्तरीबाबा त्यावर साबणाची वडी ओढत. साबणाची रेघ काळी पडली की आच पुरे. धातू सांगत नाही म्हणून त्यांनी साबणाला बोलतं केलं होतं.

पापुद्र्यासाठी त्यांच्याकडे एका डबीत पांढरी पूड असे. पाण्यात कालवून ती सांध्याला लावत. त्यात क्लोराइडं आणि फ्लोराइडं असतात. तापली की ती पातळ होऊन पापुद्र्याखाली शिरतात, त्याला उचलतात, विरघळवतात आणि वरून हवा लागू देत नाहीत. हे पाहताना मला लहानपणचा कल्हईवाला आठवायचा. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी घरोघर होती तेव्हा तो भात्यावर पातेलं तापवून त्यात नवसागराची चिमूट टाकी, पांढरा धूर उठे, आणि त्या धुरामागे तांबं एकदम उजळे. मगच कथील फिरे. नवसागर हेही क्लोराइडच. त्याचं काम हेच, धातूला त्याच्या काजळीतून क्षणभर मोकळं करायचं आणि तेवढ्या वेळात आपलं काम उरकायचं. फरक इतकाच की अ‍ॅल्युमिनियमची ही पूड काम झाल्यावरही शांत बसत नाही. गरम पाण्याने आणि ब्रशने घासून काढली नाही तर दमट हवेत तोच सांधा ती खात राहते. बाबांच्या दुकानात गॅसपेक्षा पाण्याची बादली जास्त वापरात होती.

विजेने हे काम करायचं म्हटलं की पूड जाते आणि तिच्या जागी दिशा येते.

आर्गन वेल्डिंगमध्ये टंगस्टनची एक सळई टॉर्चच्या तोंडातून डोकावते. ती वितळत नाही, निदान वितळू नये अशी अपेक्षा असते. टंगस्टनला वितळायला ३४०० अंशांच्या वर लागतात. तिच्याभोवतीने आर्गन वाहतो आणि हवेला दूर ठेवतो. सळईचं टोक आणि कामाचा तुकडा यांच्यातल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीत आर्क पेटतो. भरणीची तार दुसऱ्या हाताने घालायची. आता डीसीची जोडणी दोन तऱ्हांनी करता येते. सळई मायनसला आणि काम प्लसला जोडलं तर सळईतून निघालेले इलेक्ट्रॉन कामावर जाऊन आदळतात. आर्कच्या उष्णतेचा जवळजवळ दोन तृतीयांश वाटा कामात उतरतो, सळई थंड राहते, डबकं अरुंद आणि खोल होतं. स्टीलला याहून काय हवं? धुळ्या-जळगावातल्या बहुतेक लहान खोक्यांना एवढंच येतं, आणि जिन्याचे स्टीलचे कठडे करायला ते पुरतं. पण या जोडणीत अ‍ॅल्युमिनियम ठेवून पाहा. खालचा धातू वितळतो, वर सुरकुतलेला मळकट पापुद्रा तरंगत राहतो, आणि तार टेकवली की ती आत न जाता गोळी होऊन बाजूला घरंगळते.

जोडणी उलटी करा. सळई प्लसला, काम मायनसला. आता इलेक्ट्रॉन कामातून बाहेर निघतात, आणि आर्गनचे जड, धनभारित कण कामाच्या दिशेने झेपावतात. इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या जागा म्हणजे बारीक बारीक तेजस्वी ठिपके. त्यांना पापुद्रा असलेली जागाच आवडते. ते त्याच्यावरून सैरावैरा पळतात, आणि जिथून पळतात तिथला पापुद्रा फुटत जातो. काळ्या काचेतून पाहिलं तर डबकं मधोमध आरशासारखं लख्ख होतं आणि त्याच्या कडेने ठिपक्यांची धांदल चाललेली असते. थंड झाल्यावर सांध्याच्या दोन्ही अंगांना एक खरबरीत पांढरी रेघ उरते. पापुद्रा गेल्याची ती खूण.

मग हीच जोडणी ठेवून काम का करत नाहीत? कारण उष्णतेची वाटणीही उलटी होते. दोन तृतीयांश आता सळईच्या वाट्याला. मायनसवर सव्वाशे अँपिअर सहज पेलणारी १.६ मिलिमीटरची सळई प्लसवर लावली तर टोक फुगून डबक्यात टपकतं. तेवढ्याच अँपिअरला इथे ६.४ मिलिमीटरची जाडजूड सळई लागते, आणि एवढं करून डबकं उथळच राहतं. म्हणजे एक दिशा वितळवते पण साफ करत नाही, दुसरी साफ करते पण वितळवण्याआधी हत्यारच खाते. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नॉर्थरॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथने हेलियमच्या आवरणात टंगस्टनचा आर्क पेटवून विमानाचं मॅग्नेशियम जोडायला घेतलं, तेव्हापासून हा पेच वेल्डिंगच्या बोकांडी बसलेला आहे. मॅग्नेशियमही याच स्वभावाचं.

यातून वाट निघाली ती घरोघरी येणाऱ्या विजेतूनच. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक केंद्रात चक्रं फिरतात आणि खानदेशभर एसी वीज जाते, सेकंदाला पन्नास फेऱ्यांची. प्रत्येक फेरीत ती एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे वाहते. म्हणजे एका दिशेला सेकंदाचा शंभरावा भाग आणि दुसऱ्या दिशेला शंभरावा भाग. एका शतांशात ठिपके पापुद्रा फोडतात, पुढच्या शतांशात इलेक्ट्रॉन खालचा धातू वितळवतात आणि सळईला जरा उसंत मिळते. परत साफसफाई, परत वितळणं. डोळ्यांना आर्क अखंड दिसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात जी उलटापालट घातक ठरली असती तीच इथे कामाला आली, ही गोष्ट मला त्या धातूच्या कहाणीतली सगळ्यांत देखणी वाटते.

देखणी, पण सोपी नव्हे. दिशा बदलताना वीज दरवेळी शून्यातून जाते, सेकंदाला शंभर वेळा, आणि शून्यात आर्क विझू पाहतो. तापलेल्या टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, थंड अ‍ॅल्युमिनियममधून सुटायला कां-कूं करतात. त्यामुळे साफसफाईची अर्धी फेरी नेहमीच लंगडी पडते, कधी कधी पेटतच नाही. जुन्या, कपाटाएवढ्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनमध्ये यावर दोन इलाज असत. एक म्हणजे उच्च वारंवारतेच्या ठिणग्यांचा एक वेगळा प्रवाह, जो दर शून्याला आर्क पुन्हा पेटवी आणि शेजारच्या हॉटेलातल्या रेडिओत खरखर भरून टाकी. दुसरा म्हणजे आत बसवलेले भलेमोठे कपॅसिटर, लंगडी फेरी सावरायला.

खानदेशाला एसी-डीसीची ही भांडणं रेल्वेमुळेही ठाऊक आहेत. मुंबईत १९२५ साली विजेची पहिली गाडी धावली ती दीड हजार व्होल्टच्या डीसीवर. १९३०पर्यंत ती वीज घाट चढून इगतपुरीला आली आणि तिथेच थबकली. पुढे मनमाड, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असे खांब रोवले गेले ते साठच्या दशकाच्या अखेरीस, आणि त्यांवर वीज आली एसी, २५ हजार व्होल्टची. कितीतरी वर्षं भुसावळकडून आलेली गाडी इगतपुरीला थांबायची, इंजिन सुटायचं, दुसरं लागायचं. वडा खायला तेवढा वेळ पुरे व्हायचा. नंतर दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली, आणि शेवटी मुंबईपर्यंतची डीसीच काढून टाकली. वेल्डिंगच्या दुकानात मात्र एकही वीज निवृत्त झाली नाही.

उलट त्यांची सरमिसळ वाढली. हल्लीचं एसी-डीसी खोकं पाहा. एका हाताने उचलता येतं. आत काय चालतं? महावितरणची एसी आत शिरते, तिची आधी डीसी होते, ट्रान्झिस्टर तिचे सेकंदाला हजारो तुकडे करतात, लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून ती उतरते, परत डीसी होते आणि शेवटी हव्या त्या आकाराची एसी होऊन टॉर्चकडे जाते. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प आहे. तिथे उन्हाची डीसी होते आणि इन्व्हर्टर तिची एसी करून वाहिन्यांवर सोडतात. खोक्यातला इन्व्हर्टर त्यांचाच धाकटा भाऊ. त्याच्या लहरीला आता गोलाई नसते, ती चौकोनी असते. शून्यावर रेंगाळत नाही, एका झटक्यात इकडून तिकडे जाते, म्हणून विझायला सवडच मिळत नाही.

आणि त्यावर एक बटण असतं, बॅलन्सचं. धुळ्यातला एक विशीतला पोरगा हे बटण ज्या सहजतेने फिरवतो ते पाहत राहावं असं असतं. आयटीआयमधला वेल्डरचा वर्षाचा कोर्स केलेला, बाकीचं शिक्षण मोबाइलवर. फेरीतला किती वेळ वितळवण्याला द्यायचा आणि किती साफसफाईला, हे त्या बटणावर ठरतं. साधारण सत्तर-तीस. चेंबर जुना, मळलेला असला तर साफसफाईचा वाटा वाढवायचा. मग पांढरी रेघ रुंदावते आणि सळईचं टोक बोंडासारखं गोल होतं. पत्रा नवा असला तर वाटा कमी करायचा. रेघ आक्रसते, टोक टोकदार राहतं. दुसरं बटण फेऱ्यांचं. पन्नासावरून शंभर-सव्वाशेवर नेलं की आर्क सडपातळ होतो, कोपऱ्यात नेमका शिरतो आणि कर्कश वाजतो. पोरगा आवाजावरूनच सांगतो किती ठेवलंय ते. “काका, एवढं जवळ नका बसू,” असंही सांगतो. अ‍ॅल्युमिनियमवरून परतलेला उजेड लोखंडापेक्षा जास्त भाजतो. मुखवट्याखाली त्याच्या गळ्याजवळचा त्रिकोण तांबूस झालेला असतो, शर्टाचं वरचं बटण न लावल्याचा.

बटण न लावण्याचं कारण उघड आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, धुळंही फार मागे नसतं, आणि या कामात पंखा लावता येत नाही. आर्गन हवेपेक्षा जड असला तरी पंख्याच्या एका झोताने तो सांध्यावरून उडून जातो आणि डबकं काळं पडून भोकंच भोकं होतात. ज्या वाऱ्यावर साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, तोच दुपारी दुकानात शिरला की शटर अर्धं ओढून घ्यावं लागतं. पत्र्याचं छत, अर्धं शटर, बंद पंखा. रस्त्याकडेच्या दुकानातलं चांगलं अ‍ॅल्युमिनियमचं काम खानदेशात पहाटे किंवा रात्री का होतं, ते अशा दुपारी अर्धा तास बसलं की कळतं.

पावसाळ्यात दुसरा शत्रू: दमट हवा. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम हायड्रोजन भरपूर पितं आणि गोठताना जवळजवळ सगळा ओकून टाकतं. बाहेर पडायला वेळ मिळाला नाही तर सांध्यात बुडबुडे राहतात. ओली तार, तेलकट बोट, घामाचा थेंब, कशातूनही हायड्रोजन येतो. चेंबरचं दुखणं इथेच असतं. ओतीव धातूच्या छिद्रांत वर्षानुवर्षं इंजिन ऑइल मुरलेलं असतं. म्हणून पोरगा आधी तडा ग्राइंडरने उकलतो, गॅसच्या ज्योतीने तापवतो, तेल धूर होऊन जाऊ देतो, पुसतो, परत तापवतो. मग स्टेनलेसच्या ब्रशने घासतो. तो ब्रश खुंटीला वेगळा टांगलेला असतो आणि लोखंडाला लावायची कुणाची टाप नाही. कुठलीही वीज तेल साफ करत नाही. पापुद्रा तेवढा तिचा, बाकीचा मळ माणसाचा.

मिग मशीनवर, ज्याला इकडे सगळे ‘सीओटू’ म्हणतात, हे सगळं गणित एका फटक्यात सुटतं. तिथे सळई नाहीच. रिळावरून येणारी तारच इलेक्ट्रोड आणि तीच भरण. तारेला प्लस जोडायचा. उष्णतेचा मोठा वाटा तारेला मिळतो? मिळू दे, तिला वितळायचंच आहे. काम मायनसला, म्हणून साफसफाई अखंड चालू. टंगस्टनला जी दिशा मारक होती ती इथे दोन्ही बाजूंनी फायद्याची. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या मिगला सहसा डीसी, तार प्लसला, हा नेम आहे. दुकानाच्या बोलीतलं नाव मात्र इथे फसवं: नळीतून कार्बन डायऑक्साइड सोडला तर अ‍ॅल्युमिनियमची राखच होईल, शुद्ध आर्गन लागतो. आणि तार एवढी मऊ की नेहमीच्या दातेरी रोलरखाली चेपते, नळीत अडते, मागे गुंता होऊन बसतो. यू आकाराच्या खाचेचे रोलर, टेफ्लॉनचं अस्तर आणि टॉर्च ओढत न नेता पुढे ढकलत नेण्याची सवय, एवढं जमलं की टँकरच्या लांब शिवणी दिवसाकाठी होतात. पातळ पत्र्याला पल्सचं मशीन लागतं, ते महाग.

राहिला साधा रॉड. अ‍ॅल्युमिनियमचे रॉड दुकानात मिळतात, त्यांच्यावर बाबांच्या डबीतल्यासारखाच क्लोराइड-फ्लोराइडचा लेप असतो, आणि तेही डीसीवर, रॉड प्लसला ठेवूनच जळतात. ग्रिलवाल्याच्या तेलात बुडवलेल्या जुन्या एसी ट्रान्सफॉर्मरवर ते धड पेटत नाहीत. गंमत अशी की आर्गनला एसी हवी आणि रॉडला डीसी. ‘अ‍ॅल्युमिनियमला एसी लागते’ एवढंच ऐकून गेलेला माणूस रॉड घेऊन नेमका चुकीच्या दारात उभा राहतो. रॉडचं काम मला कधीच आवडलं नाही. धूर फार, शिंतोडे फार, लेप दमट झाला की सगळा सांधा जाळीदार. शेतातल्या पाइपाला रात्रीत ठिगळ लावायचं असेल, जवळ दुसरं काही नसेल, तरच.

उलट टोकाला हेलियमवाले. सळई मायनसला, डीसी, हेलियमचा प्रखर आर्क. पापुद्रा आधीच रसायनाने आणि खरवडून काढायचा, लगेच यंत्राने जोडायचं, हाताचा भरवसा ठेवायचा नाही. जाड प्लेट एका फेरीत आरपार जाते. हे काम विमानांच्या आणि रॉकेटच्या कारखान्यांचं. १९९१ साली इंग्लंडमधल्या टीडब्ल्यूआय या संस्थेत फिरत्या पिनने घुसळून, न वितळवताच अ‍ॅल्युमिनियम जोडण्याची रीत निघाली. तिथे तर आर्कच नाही, एसी-डीसीचा प्रश्नच मिटला. पारोळा रोडला यातलं काही यायला वेळ आहे.

चेंबरच्या मालकाला या सगळ्यातलं एवढंच दिसतं की लोखंडाच्या टाक्यापेक्षा इथे भाव कितीतरी जास्त सांगितला. फोनवर आवाज चढतो. क्लीनर मध्येच अडकतो. पोरगा शांतपणे सांगतो: गॅसचं सिलिंडर भरून आणायला एवढे, टंगस्टन एवढं, तेल काढायला माझा अर्धा तास. मशीनचा हप्ता तो सांगत नाही. पुढच्या दुकानात निम्म्या भावात होतं असं मालकाने म्हटलं, तर त्याला एकच विचारायला सांगावं, मशीन एसी आहे का. असेल तर बसावं. पहिला टाका पडला की मुखवटा बाजूला करून सांध्याच्या अंगाला पांढरी रेघ उमटली का ते पाहावं. डबकं मळकट आणि रेघेचा पत्ता नाही असं असेल, तर तिथेच हात धरावा आणि चेंबर उचलावा. फसलेला सांधा काढून पुन्हा करायला, सगळे मिस्तरी सांगतात, दुप्पट पैसे पडतात.